पाचशे डॉलरच्या आतली रायफल

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तेवढ्यासाठी पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, शाळेच्या पार्किंगमध्ये भडक केशरी जाकिटं दिसू लागतात. ऑफिसात त्या आठवड्यात कोणी महत्त्वाची मीटिंग ठेवत नाही. मी मॅडिसनजवळ राहते, मुलगा इथल्याच शाळेत शिकतो, तरी हा हंगाम मी अनेक वर्षं फक्त शेजारच्या अंगणात पाहिला. तिथे झाडाला हरीण टांगलेलं असे आणि महिन्याभराने आमच्याकडे सॉसेजची पुडी येत असे.

मी मांसाहारी घरात वाढले. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बाबा नोकरीला होते, रविवारी मटण ठरलेलं. जनावर मारण्याचं काम मात्र कायम दुसऱ्या कोणाचं होतं. चाळिशी ओलांडल्यावर मला वाटू लागलं, की आपण खातो त्याचा हा भाग एकदा तरी स्वतः निभावून पाहावा, आणि नीट शिकून निभावावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. ती थांबलेलीच राहावी असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे जंगलं तुटत गेली आणि प्राणी उरले नाहीत. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये उलटं झालंय. राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं पंधरा लाखांच्या वर आहेत, दक्षिण भागात त्यांना खाणारे लांडगे जवळपास नाहीत, आणि ओकची कोवळी रोपं ती वाढूच देत नाहीत. मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड १९४० च्या दशकातच सांगत होते, की हरणं बेसुमार वाढली की आधी जंगल संपतं आणि मग हरणं उपाशी मरतात. त्या वेळी लोकांना ते अजिबात रुचलं नव्हतं.

पहिली पायरी रायफल नाही, वर्ग. इथे १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवानाच मिळत नाही. प्रौढांना सगळा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो, पण मी गावातल्या क्लबमध्ये प्रत्यक्ष वर्गाला गेले. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. माझ्या बाकावर बारा-तेरा वर्षांची मुलं आणि त्यांच्या शेजारी त्यांचे आई-वडील. चार नियम रोज वदवून घेत, त्यांना इथे ‘टॅब-के’ म्हणतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून हाताळायची, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवायचं, लक्ष्य कोणतं आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवायचं. तिसरा नियम वर्गात सोपा वाटतो. जंगलात तोच सगळ्यात कठीण आहे, त्याबद्दल पुढे.

आता रायफल. ‘पहिली रायफल कोणती घ्यावी’ असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या आजोबांची रायफल सांगतो. आजोबांच्या रायफली सुंदर असतात: अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर चमकणारं पोलाद. १९३६ पासूनची विंचेस्टर मॉडेल ७०, १९६२ पासूनची रेमिंग्टन ७००, ही इथल्या घराघरांतली नावं. त्यांच्या नव्या आवृत्त्या हजार डॉलरच्या आसपास आणि पुढे जातात. माझं बजेट रायफलीसाठी पाचशेच्या आत होतं, आणि ते मी मुद्दाम ठरवलं होतं, कारण काडतुसं, स्कोप (रायफलीवर बसवायची दुर्बीण), बूट आणि गरम कपडे यांचा हिशेब मी आधीच मांडला होता.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या किमतीत चांगल्या बोल्ट-ॲक्शन रायफली आल्या आहेत. सॅव्हेज ॲक्सिस, २०१२ पासूनची रूगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट. त्या स्वस्त का आणि तरी अचूक का, हे मला समजून घ्यायचं होतं. शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांनी त्यांच्या तळघरातल्या टेबलावर दोन रायफली उघडून दाखवल्या, एक त्यांच्या वडिलांची आणि एक नातवाची स्वस्तातली.

बोल्टची रचना मुळात साधी आहे, दाराच्या कडीसारखी. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. पुढे ढकलताना काडतूस नळीत जातं, दांडी खाली बसली की बोल्टच्या तोंडाचे जाड दात खाचांत अडकतात आणि स्फोटाचा सगळा दाब ते दात झेलतात. जर्मन कारागीर पॉल माउझर यांच्या १८९८ च्या रायफलीपासून यात मूलभूत असं फार बदललेलं नाही. बदलली ती बनवण्याची पद्धत. पूर्वी नळी आणि ॲक्शन (ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो तो पोलादी भाग) यांचा मेळ कुशल माणूस हाताने घासून बसवत असे. आता गोल पोलादी कांबीतून संगणकावर चालणारी यंत्रं ॲक्शन कापतात आणि नळी एका मोठ्या नटाने अचूक अंतरावर घट्ट करतात. ही नटाची युक्ती सॅव्हेजने कित्येक दशकं वापरली, रूगर अमेरिकनमध्येही ती आहे. लाकूड गेलं, साच्यातलं प्लॅस्टिक आलं. म्हणजे पैसा वाचवला तो दिसण्यात आणि हातकामात. नळीच्या आतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांत नाही. गोळी कुठे जाणार हे ठरतं ते नळीत.

उणं कुठे आहे तेही त्यांनी दाखवलं. प्लॅस्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला पोकळ असतो आणि जोर दिला की वाकतो. नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर तापल्यावर गोळी सरकते. त्यांनी कागदाची पट्टी नळीखाली घालून मागेपर्यंत ओढली. सरकली तर ठीक. दुकानात मी हाच कागद घेऊन गेले आणि प्रत्येक रायफलीवर तो फिरवला. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं निघालं ते मात्र किंमत किंवा कंपनी नाही, लांबी. माझी उंची पाच फूट एक इंच. नेहमीच्या रायफलीच्या दस्त्याची लांबी, म्हणजे खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर, साधारण पावणेचौदा इंच असतं. तो खांद्याला लावला की माझी मान पुढे ताणली जायची, आणि जाड जाकिटावर तर चापापर्यंत बोटच पोहोचेना. रूगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्ट मॉडेलचा दस्ता साडेबारा इंचाचा आहे. तो खांद्याला लावला, गाल टेकला आणि डोळा आपोआप योग्य जागी आला. बायकांनी आणि ठेंगण्या पुरुषांनी बाकी काही बघण्याआधी हे बघावं. वापरलेली रायफल घेतली तर आणखी स्वस्त पडते, पण आखूड दस्त्याची जुनी रायफल सहज मिळत नाही.

काडतूस कोणतं, यावर इथे लोक रात्र-रात्र बोलू शकतात. मी शेजाऱ्यांच्या .२४३ आणि .३०८ (हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात) अशा दोन्हींतून गोळ्या झाडून पाहिल्या. .२४३ चा धक्का कमी, हरणाला पुरेसा मारा. ती घेतली असती तरी काही बिघडलं नसतं. मी ती कॉम्पॅक्ट रूगर .३०८ विंचेस्टर या काडतुसाची घेतली. १९५२ पासूनचं हे काडतूस अगदी छोट्या गावातल्या दुकानातही मिळतं, आणि १५० ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं माप) वजनाची गोळी हरणासाठी भरपूर आहे. आणखी एक कारण माझं स्वतःचं. वरणगावला लष्करासाठी जी ७.६२ मिलिमीटरची काडतुसं बनतात, त्यांची .३०८ ही सख्खी बहीण. बाहेरून मापं जवळपास सारखी, दाबाचे निकष मात्र वेगळे. बाबांचं आयुष्य त्या पितळी कवचांमध्ये गेलं.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेटीवर लॉट नंबर असतो बघ. एकाच लॉटच्या जितक्या परवडतील तितक्या पेट्या घे. दारू बदलली की गोळी बदलते.” आईने विचारलं, “अगं, पण तुझ्याच्याने होईल का ते?” यावर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानातली कागदपत्रं. बंदुकांच्या विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या एटीएफ खात्याचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. नाव, जन्मस्थान, पत्ता, नागरिकत्व, ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा क्रमांक. मग प्रश्न: ही रायफल स्वतःसाठीच घेता आहात ना, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा किंवा कोर्टाचा मनाई आदेश आहे का, अमली पदार्थ घेता का. गांजा एखाद्या राज्यात चालत असला तरी केंद्राच्या कायद्याने चालत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं आहे. पहिल्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्यावं. दुसऱ्या कोणासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा मोठा गुन्हा आहे, ‘मित्राला व्हिसामुळे मिळत नाही म्हणून’ हे कारण तर अजिबात चालणार नाही. मग दुकानदार ती माहिती एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे पाठवतो. १९९८ पासून ती चालू आहे. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा, किंवा नाकारा. विस्कॉन्सिनमध्ये रायफलीसाठी वेगळा प्रतीक्षाकाळ नाही.

आपल्या लोकांपैकी अनेक जण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतात म्हणून लिहिते. मी ग्रीन कार्डवर होते, त्यामुळे माझं सरळ झालं. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक घेणं किंवा जवळ ठेवणं केंद्राच्या कायद्याने मना आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांत अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना हा एक. पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो. वकिलाला विचारल्याशिवाय यात कोणी उतरू नये.

रायफल घरी आणण्याआधी पोलादी कपाट भिंतीला बोल्टने पक्कं करून झालं होतं. मुलगा तेव्हा शाळेत होता. या देशात शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरात बंदूक आणणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो स्वतः शाळेत हल्लेखोराच्या वेळी दाराआड लपण्याचा सराव करून येत असे. नवऱ्याशी यावर बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं: रायफल कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि बोल्ट काढून तिसऱ्या जागी. बोल्ट-ॲक्शनचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. बोल्ट काढला की उरते ती नुसती नळी आणि दस्ता. किल्ल्या फक्त माझ्याकडे. मुलालाही आम्ही वर्गाला पाठवलं. त्याला शिकारीची ओढ नाही, पण ‘टॅब-के’ त्याला पाठ आहे.

स्कोपवर मी रायफलीच्या निम्म्याहून थोडे कमी पैसे घातले. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा साधा स्कोप. व्होर्टेक्स कंपनी आमच्याजवळच बार्नेव्हेल्डला आहे, तिचाच घेतला. महाग स्कोपपेक्षा तो नीट बसवणं महत्त्वाचं. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू इंच-पाउंड मोजणाऱ्या पान्याने ठरलेल्या ताणावर आवळले, आधी त्या रिंगा ज्या पट्टीवर बसतात तिचे तपासले. ‘रायफल बिघडली’ म्हणून परत आणलेल्या निम्म्या रायफलींचे स्क्रू ढिले असतात, असं दुकानदार म्हणाला. त्यात तथ्य असणार, कारण पुढे नेमबाजीच्या रेंजवर मी दोन जणांचं तेच झालेलं पाहिलं.

मग नेम जुळवणं. ईगल गावाजवळ, केटल मोरेन स्टेट फॉरेस्टमध्ये मॅकमिलर नावाची सार्वजनिक रेंज आहे. तिथे सगळं शिस्तीत चालतं; ‘रेंज कोल्ड’ अशी हाक आली की सगळ्यांच्या बंदुका उघड्या आणि रिकाम्या, कोणी हात लावायचा नाही, मग लोक कागद बदलायला पुढे जातात. आधी बोल्ट काढून नळीतूनच पंचवीस यार्डांवरचा काळा ठिपका बघितला आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणली. एवढ्याने पहिली गोळी निदान कागदावर लागते. मग शंभर यार्ड. स्कोपच्या चकतीची एक टिकटिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. पंचवीस यार्डांवर तेवढाच फरक करायला चौपट टिकटिक लागते, हे आधी कागदावर मांडून ठेवलं की रेंजवर गोंधळ होत नाही. तीन-तीन गोळ्यांचा गट झाडायचा, मग थांबायचं. हलक्या रायफलीची नळी बारीक असते, लवकर तापते, आणि तापलेल्या नळीवर स्कोप फिरवत बसणं म्हणजे काडतुसं वाया घालवणं.

माझी रायफल पहिल्याच दिवशी शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत गट देऊ लागली. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी तीन भोकं बोटांनी मोठी करून पाहिली असणार, कारण लगेच उत्तर आलं: “डावीकडची तुझी, रायफलीची नाही.” बरोबर होतं. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवलेली रायफल माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती.

इथून पुढचा भाग मी सगळ्यात आवर्जून सांगेन. टेबलावरचा गट म्हणजे रायफलीची परीक्षा, शिकार टेबलावरून होत नाही. भुसावळच्या कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफलीने पालथं पडून फायरिंग केलं होतं. श्वास अर्धा सोडून धरायचा, चाप ओढायचा नाही, दाबायचा, हे शरीरात होतं. पण .३०८ चा धक्का त्या .२२ ला माहीत नाही. सहा पाउंडांची रायफल खांद्यावर चांगलीच आदळते आणि आखूड नळीमुळे आवाजही मोठा. कानात बोळे आणि वर कर्णरक्षक, दोन्ही घालत होते. सुरुवातीला कमी धक्क्याची काडतुसं वापरली. त्यांचा नेम वेगळा पडतो, त्यामुळे शेवटी पुन्हा जुळवणी करावी लागते. शेजाऱ्यांनी एक जुनी पद्धत वापरली. ते माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरत, खऱ्या काडतुसांमध्ये एखादं निकामी काडतूस मिसळून. निकामी काडतुसावर चाप दाबला की आवाज नाही, धक्का नाही, आणि तुमची नळी किती दचकली ते स्वच्छ दिसतं. घरी रिकाम्या रायफलीवर रोज रात्री चाप दाबण्याचा सराव केला, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. हळूहळू नळी स्थिर राहू लागली.

मग कागदी ताटल्या. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, दोन काठ्यांच्या आधारावर, जाड जाकीट आणि हातमोजे घालून, आधी पन्नास यार्ड, मग पंच्याहत्तर, मग शंभर. ज्या अंतरावर त्या पद्धतीने प्रत्येक गोळी ताटलीत लागते ते आपलं अंतर. त्यापुढचं हरीण आपलं नाही, रायफल तीनशे यार्डांची असली तरी. माझं अंतर बसून काठ्यांवर शंभर यार्ड ठरलं, गुडघ्यावर साठ. ते वहीत लिहून ठेवलं. हजार डॉलरच्या रायफलीने हे अंतर वाढलं नसतं. तेवढ्या पैशाची काडतुसं घेतली तर वाढतं.

शिवाय या खर्चातला काही भाग परत जंगलातच जातो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर असतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांचं संवर्धन, शिकारीचं प्रशिक्षण, रेंज यांसाठी मिळतो. मला शिकवणारा वर्ग त्याच पैशावर चालतो.

हंगाम उघडला तेव्हा आम्ही विस्कॉन्सिनमधल्याच आयोवा काउंटीत शेजाऱ्यांच्या बहिणीच्या शेतावर होतो. हा प्रदेश हिमयुगात बर्फाखाली न गेलेला, त्यामुळे उंचसखल, दऱ्याखोऱ्यांचा. माझ्याकडे परवाना होता आणि त्या काउंटीत खाजगी जमिनीवर मादी मारण्याची वेगळी परवानगी. गाडीत रायफल रिकामी. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून कायद्याने गोळी चालवता येते. त्याच्या बऱ्याच आधी मी एका ओकच्या बुंध्याशी जाऊन बसले, केशरी टोपी आणि केशरी जाकीट घालून. उजाडलं तसे दूरवरून आवाज येऊ लागले.

पहिलं हरीण ऐंशी यार्डांवर आलं. मोठा नर, आडवा उभा, माझ्या अंतरात. पण तो डोंगराच्या धारेवर होता आणि त्याच्या मागे आकाश. .३०८ ची गोळी चुकली किंवा आरपार गेली तर पलीकडे कुठे उतरेल हे मला दिसत नव्हतं, आणि पलीकडच्या उतारावर दुसऱ्याचं शेत होतं. मी चापाला बोट लावलं नाही. तो बराच वेळ तिथेच उभा होता. वर्गातला तिसरा नियम कठीण आहे असं म्हटलं ते यामुळे.

दुपारी खालच्या ओहोळाजवळून तीन माद्या चालत आल्या. मागे चढाची मातीच माती. मधली साठएक यार्डांवर थांबली, किंचित पुढे तिरपी. काठ्यांवर रायफल आधीच होती. खांद्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात फुली धरली आणि चाप दाबला. धक्का जाणवलाच नाही. हात आपोआप बोल्टवर गेला आणि दुसरं काडतूस भरलं, हे सरावातून आलेलं. ती उडी मारून झुडपात गेली.

अर्धा तास थांबायचं असतं. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उठून पळतं आणि मरेपर्यंत यातना होतात. मी घड्याळाकडे बघत बसले आणि माझे हात थरथरत होते. मग रक्ताचा माग पाहिला: गुलाबी, फेसाळ, म्हणजे फुप्फुसं. ती तीसेक पावलांवर पडलेली होती, गेलेली. मी तिच्या मानेवर हात ठेवला. आई, झालं माझ्याच्याने, पण सोपं नव्हतं.

पुढचं काम शेजाऱ्यांच्या पत्नींनी शिकवलं. त्यांच्या घरात चाकू त्यांच्याकडेच असतो. हातमोजे घालून पोटाचं कातडं उथळ कापायचं, आतड्यांना धक्का लागू द्यायचा नाही, मग श्वासनलिका कापून आतलं सगळं एका ओढीत बाहेर. मांस लवकर थंड होणं महत्त्वाचं, म्हणून हे जागेवरच करतात. त्या दिवशी थंडी शून्याच्या खाली होती, ती चिंता नव्हती. संध्याकाळी फोनवरून राज्याच्या वन्यजीव खात्याकडे नोंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावी लागते.

आमच्या भागात आणखी एक काम अटळ आहे. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये माउंट होरेबच्या परिसरात सापडला, आणि आयोवा व डेन या काउंट्यांत त्याचं प्रमाण खूप आहे. माणसाला तो झाल्याचं उदाहरण नाही, तरी रोगी हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. मानेसकट डोकं पिशवीत घालून, माहितीची चिठ्ठी भरून खात्याच्या पेटीत ठेवायचं, तपासणी फुकट होते. निकाल येईपर्यंत मांस नाव-तारीख घालून वेगळं गोठवलं. मेंदू, मणक्यातला मगज, गाठी यांना हात लावला नाही. निकाल चांगला आला.

हरणाच्या मांसाला फारशी चरबी नसते, त्यामुळे मटणासारखं समजून केलं तर चिवट होतं. मांड्यांच्या पातळ चकत्या तव्यावर तुपात झटपट, आणि खांदा-मान कुकरला लावून मंद आचेवर बराच वेळ. आईने पाठवलेला खानदेशी काळा मसाला, भाजलेलं खोबरं-कांदा, वर तेलाची तर्री. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेजाऱ्यांनाही वाढलं. त्यांच्या पत्नींनी मसाल्याची चिठ्ठी मागून घेतली. एक खांदा आम्ही घरात ठेवला नाही, गावातल्या एका कुटुंबाला दिला.

हंगाम संपल्यावर रायफल साफ केली. नळीतून नेहमी मागून पुढे काडी घालायची, म्हणजे तोंडाशी आटे झिजत नाहीत. बोल्ट निघत असल्याने ते सोपं जातं. दस्त्यावर ओकच्या सालीचे दोन ओरखडे आलेत. प्लॅस्टिक आहे, मी तसेच राहू दिले. त्याच लॉटच्या दोन पेट्या शिल्लक आहेत.

आमच्या मराठी मंडळातली एक मैत्रीण वसंतातल्या वर्गाला नाव घालून आली आहे. पुढच्या शनिवारी तिला रेंजवर नेणार आहे. ती पाच फूट सातची आहे, त्यामुळे माझी रायफल तिच्या खांद्याला बसणार नाही, शेजाऱ्यांची .२४३ मागून घेतली आहे. तिने दुकानात जाण्याआधी त्यातून काही पेट्या झाडाव्यात, आणि काय आवडलं ते मग ठरवावं.